मधल्या सुट्टीचं काय?

लिफ्टमधले काका, रिक्षावाले, लग्नात भेटलेल्या लांबच्या आत्या, दवाखान्यातल्या सिस्टर. मूल दिसलं की पहिला प्रश्न नावाचा आणि दुसरा ठरलेला: "कितवीत आहेस?" होमस्कूलिंग करणाऱ्या घरातलं मूल इथं क्षणभर आईकडे बघतं. आई सांगते, "आम्ही घरीच शिकवतो." त्यापुढे अभ्यासाचं कुणी फारसं विचारत नाही, कारण खरा अभ्यास शाळेत नाही तर क्लासला होतो, हे अख्ख्या महाराष्ट्राने केव्हाच मान्य करून टाकलंय. विचारतात ते वेगळंच: "अहो, पण मग ह्याला मित्र?"

प्रश्न आगाऊ वाटला तरी रास्त आहे. त्यावर पालकांकडून मिळणारं उत्तर मात्र बरेचदा उडवाउडवीचं असतं. "शाळेत तरी कुठे मैत्री होते? तोंडावर बोट ठेवून बसवतात, शेजारच्याशी बोललं की वर्गाबाहेर." हा युक्तिवाद जुना आहे. अमेरिकेतल्या होमस्कूलिंगच्या चळवळीचे एक प्रवर्तक जॉन होल्ट यांचं तर म्हणणं असं, की मुलांना शाळेतून काढायला दुसरं काहीही कारण नसतं, तरी शाळेतलं सामाजिक आयुष्य एवढं एक कारण पुरलं असतं. टोमणे, गटबाजी, प्रतिष्ठेची चढाओढ, हे सगळं त्यांनी वर्गात शिक्षक म्हणून उभं राहून पाहिलेलं होतं. पण याच होल्ट यांनी १९७७मध्ये 'ग्रोइंग विदाउट स्कूलिंग' हे नियतकालिक काढलं, तेव्हा त्यात मुलांना घरी शिकवणाऱ्या कुटुंबांची यादीही छापायला सुरुवात केली. आपल्यासारखे लोक आसपास कुठे आहेत हे कळावं, एकमेकांकडे जाता यावं, म्हणून. सोबत आपोआप मिळत नाही, ती शोधावी लागते, हे शाळेच्या त्या कडव्या टीकाकारालाही पक्कं माहीत होतं.

घरी शिकणारी मुलं एकलकोंडी होतात का, यावर अमेरिकेत बरंच संशोधन झालंय. मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मेडलिन यांनी २००० आणि २०१३ साली त्याचे दोन आढावे घेतले. या मुलांची सामाजिक कौशल्यं शाळेतल्या मुलांपेक्षा कमी दिसत नाहीत, काही बाबतीत सरसच दिसतात, असा त्यांचा एकूण सूर. यात एक मेख आहे. अशा अभ्यासांत बहुधा आपणहून पुढे आलेली कुटुंबं असतात, आणि ज्यांचं बरं चाललंय तेच पुढे येतात. त्यामुळे त्यातून इतकंच धरून चालावं की घरी शिकूनही मुलाला चांगले मित्र मिळू शकतात. ते मिळतातच, असं नाही.

मग शाळा नेमकं काय देते? मार्च २०२०मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत याचा पडताळा आला. गणित पडद्यावर आलं, भूगोल आला, पीटीच्या सरांनी उड्यासुद्धा पडद्यावरून मारून घेतल्या. आली नाही ती मधली सुट्टी. डबा उघडल्यावर कुणाच्या भाजीवर कोण झडप घालतो, नळावरच्या रांगेत कोण कुणाला ढकलतो, पाचच मिनिटं उरली असताना लंगडी खेळायची की नाही यावरची भांडणं, हे काही ऑनलाइन आलं नाही.

मैत्री जुळते ती या वेळात. याचा हिशेबही मांडता येतो. शिक्षणहक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीची शाळा वर्षाला किमान २०० दिवस भरायला हवी. मधली सुट्टी अर्ध्या तासाची धरली तर वर्षाचे १०० तास झाले, त्याच चाळीस चेहऱ्यांबरोबर आणि बव्हंशी मोठ्यांच्या नजरेआड. आता दुसरा आकडा. कॅन्सस विद्यापीठातले जेफ्री हॉल यांचा २०१८मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो, की नुसत्या ओळखीची साधी मैत्री व्हायला साधारण ५० तास एकत्र घालवावे लागतात आणि जिवलग व्हायला २००च्या वर. हा अभ्यास मोठ्यांचा आणि कॉलेजात नव्याने आलेल्यांचा होता. मुलं त्याहून लवकर जमवतात. तरी अंदाज यायला हा आकडा पुरतो. आठवड्यातून एकदा तासभर चित्रकलेच्या क्लासला जाणारं मूल सुट्ट्या वगळता वर्षभरात जेमतेम ४५ तास तिथं असतं. त्यातही बाई शिकवत असतात आणि मुलं मान खाली घालून रंगवत असतात. क्लास सुटला की प्रत्येकाची गाडी दारात उभी.

म्हणून घरी शिकणाऱ्या मुलाच्या पालकांना सांगावंसं वाटतं, की आठवडा क्लासेसनी भरू नका. सोमवारी अबॅकस, मंगळवारी गिटार, बुधवारी रोबोटिक्स, गुरुवारी जर्मन असं वेळापत्रक भिंतीवर भारदस्त दिसतं. "आमचा मुलगा खूप सोशल आहे, रोज कुठे ना कुठे जातो," असं नातेवाइकांना सांगताही येतं. पण अशा मुलाला शंभर जण ओळखतात आणि वाढदिवसाला बोलवायचं कुणाला असा प्रश्न पडतो. त्यापेक्षा एकच ठिकाण धरावं. घरापासून चालत किंवा सायकलवर जाता येईल असं, आठवड्यातून चार-पाच दिवस चालणारं, आणि जिथं शिकवण्याआधी-नंतर मुलं रेंगाळतात असं. ठिकाण बघायला जाल तेव्हा शिकवणाऱ्यापेक्षा सुटल्यानंतरची वीस मिनिटं बघा. मुलं तिथंच घुटमळत असतील तर जागा कामाची. पाच मिनिटांत आवार रिकामं होत असेल, तर तिथं विद्या मिळेल. दोस्त मिळतीलच असं नाही.

या दृष्टीनं बघितलं की काही खेळ एकदम उजवे ठरतात. मल्लखांबाचंच घ्या. खांब एक आणि मुलं वीस. एक जण वर, बाकीचे रांगेत. वरच्याचा पाय घसरला की खाली हशा, जमलं की टाळ्या. अंगाला लावायची पावडर एकमेकांच्या पाठीवर थोपटायची. शिवाजी पार्कच्या समर्थ व्यायाम मंदिरात १९२५पासून पिढ्यान्‌पिढ्या मुलं अशी रांगेत उभी राहिलीत. रांग कंटाळवाणी असते, आणि कंटाळलेली मुलं बोलायला लागतात. पोहण्याच्या बॅचमध्ये तोंड पाण्यात असतं, तिथं मैत्री व्हायची तर ती कपडे बदलायच्या खोलीत.

बुद्धिबळ हा तर एकट्याचा, गप्प बसून खेळायचा खेळ. पण रविवारची एखादी स्पर्धा जवळून बघावी. एखाद्या मंगल कार्यालयात किंवा शाळेच्या हॉलमध्ये टेबलं मांडलेली. स्विस पद्धतीनं फेऱ्या चालतात, म्हणजे हरलेला बाहेर पडत नाही. प्रत्येकाला सगळ्या फेऱ्या खेळायला मिळतात. डाव कुणाचा दहा मिनिटांत संपतो, कुणाचा तासाने. पुढच्या फेरीच्या जोड्या लागेपर्यंत लवकर सुटलेली मुलं बाहेर व्हरांड्यात. तिथं आपापले पट निघतात. नुकताच हरलेला जिंकलेल्याला अडवतो: "तू घोडा तिकडे नेलास ना, तिथंच मी चुकलो. परत लाव." मग घड्याळ न लावता धपाधप डाव, त्यात चाल परत घेणं, तिसऱ्यानं न मागता सल्ला देणं, त्यावरून ओरडा. आयांनी आणलेल्या डब्यांतले पराठे वाटले जातात. एक फेरी, मग पाऊण तास मोकळा, परत फेरी, असा अख्खा दिवस. पुढच्या महिन्यातल्या स्पर्धेला निम्मे चेहरे तेच असतात. कितवीत आहेस, हे इथं कुणी विचारत नाही. विचारतात ते रेटिंग. शिवाय बुद्धिबळ संघटनेच्या वयोगटाच्या स्पर्धांना जन्मदाखला चालतो. आंतरशालेय स्पर्धांना शाळेचं बोनाफाइड लागतं आणि तिथं घरी शिकणाऱ्या मुलाची वाट अडते. हा फरक आधीच माहीत असला की पोराचा हिरमोड टळतो. गाण्याचंही असंच. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांना शाळा लागत नाही, गुरू आणि केंद्र लागतं.

रोज तीच जागा, तीच वेळ आणि तेच चेहरे यांतून माणसं बांधली जातात, हे महाराष्ट्रात संघटना उभारणाऱ्यांना फार आधीपासून उमगलेलं होतं. १९२५मध्ये नागपुरात सुरू झालेला राष्ट्रीय स्वयंसेवक संघ आणि १९४१चं राष्ट्र सेवा दल, एकमेकांच्या विचारांना कडाडून विरोध करणाऱ्या या दोन्ही संघटना. दोघांनीही मुलांसाठी निवडलं मात्र एकच साधन, ते म्हणजे मैदानावरची शाखा. आधी खेळ, मग बाकीचं. कुठल्या विचारांच्या मैदानावर मूल पाठवायचं किंवा पाठवायचंच नाही, हे ज्याच्या त्याच्या घरचं. पण खेळाची ती संध्याकाळची वेळ इतकी पक्की धरण्यामागचं शहाणपण घेण्यासारखं आहे. स्काउट-गाइडचंही इथं सांगायला हवं. ते शाळेतच असतं असा आपला समज. प्रत्यक्षात भारत स्काउट्स आणि गाइड्समध्ये शाळेशी न जोडलेली खुली पथकंही असतात. जिल्हा कार्यालयात चौकशी करावी. बालभवनं आहेत, दिल्लीचं राष्ट्रीय बालभवन १९५६चं, मुंबईत चर्नी रोडला जवाहर बालभवन आणि पुण्यात सारसबागेजवळ गरवारे बालभवन, ज्याला शोभा भागवतांनी आकार दिला. गरवारे बालभवनाची कल्पना तर या लेखाच्या विषयाला अगदी जवळची: मूल संध्याकाळी यावं, खेळावं, गावं, मातीत हात घालावेत, मार्क नाहीत, स्पर्धा नाही.

पण यातलं काहीही सोसायटीच्या खालच्या मोकळ्या जागेची बरोबरी करू शकत नाही. १९५०मध्ये मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या एमआयटीच्या विवाहित विद्यार्थ्यांच्या वसाहतीचा अभ्यास प्रसिद्ध केला. कोण कुणाचा मित्र झाला, याचं कोडं आवडीनिवडींपेक्षा दारांवरून जास्त सुटत होतं. शेजारच्या दारातल्याशी सर्वाधिक मैत्री, आणि जिन्याजवळ राहणाऱ्याच्या ओळखी इतरांपेक्षा जास्त. आपल्या चाळीत राहिलेल्या माणसाला हे सांगायला कुठल्या विद्यापीठाची गरज नव्हती. मुद्दा एवढाच की शाळेत न जाणाऱ्या मुलासाठी घर निवडताना मेट्रो आणि पार्किंगच्या आधी खाली किती मुलं खेळतात ते पाहावं. आणि बघायला जायचं ते संध्याकाळी सहाला. ब्रोकर दुपारी बारा वाजता फ्लॅट दाखवतो.

सोसायटीत मिसळायचा सगळ्यात चांगला मुहूर्त कोणता, असं कुणी विचारलं तर मी दिवाळीतला किल्ला सांगेन. गणपतीत मुलांना मोठ्यांच्या कार्यक्रमांत हलकीसलकी कामं मिळतात. किल्ला मात्र पूर्णपणे मुलांचा. पहिला दिवस विटा, दगड, फुटक्या फरश्या गोळा करण्याचा. वॉचमनकाकांशी वाटाघाटी. मग माती कुठून आणायची याची खलबतं, ती चाळायची, गोणपाट चिखलात बुडवून दगडांवर पसरायचं. बुरूज कुठे, दरवाजा कुठे, यावरून दोन पक्ष पडतातच. तळ्यासाठी करवंटी की थाळी? मोहरी किंवा अळीव पेरायचे ते चार-पाच दिवस आधी, नाहीतर लक्ष्मीपूजनाला किल्ल्यावर हिरवळ दिसत नाही. आणि इथं घरी शिकणाऱ्या मुलाची बाजू एकदम वरचढ होते. बाकीचे सहामाही परीक्षेच्या शेवटच्या पेपरात अडकलेले असताना याच्याकडे सकाळ मोकळी असते. गोणपाट भिजत घालणं, मोहरीवर दिवसातून दोनदा पाणी शिंपडणं, मांजरांना हाकलणं ही कामं त्याच्याकडे आली, की "तो शाळेत न जाणारा" ही ओळख मागे पडते आणि "किल्ल्याचं पाणी बघणारा" ही नवी ओळख मिळते. सुट्टी लागून सगळे खाली येतात तेव्हा त्यांना त्याला विचारावं लागतं, कोंब आले का रे?

एकत्र कामाला लावलं की मनं जुळतात, याचा एक गाजलेला प्रयोग आहे. १९५४च्या उन्हाळ्यात ओक्लाहोमा राज्यातल्या रॉबर्स केव्ह इथं मानसशास्त्रज्ञ मुझफर शेरीफ यांनी अकरा वर्षांच्या आसपासच्या मुलग्यांचं शिबिर भरवलं, त्यांचे दोन गट पाडले आणि त्यांच्यात चुरस लावून दिली. बघता बघता झेंडे जाळण्यापर्यंत मजल गेली. मग भांडण मिटवण्यासाठी त्यांना एकत्र जेवायला बसवलं, सिनेमा दाखवला. जेवणाच्या टेबलावर त्यांनी एकमेकांवर अन्न फेकलं. फरक पडला तो छावणीचं पाणी बंद झालं आणि ते सगळ्यांनी मिळून शोधावं लागलं तेव्हा, अडकलेला ट्रक दोरी लावून सगळ्यांनी ओढला तेव्हा. आज मुलांवर असा प्रयोग करायला कुणी परवानगी देणार नाही, आणि देऊही नये. पण नव्या मुलांना घरी बोलावून सोफ्यावर बसवून "खेळा हं छान" म्हणणाऱ्या आयांना त्यातून शिकण्यासारखं आहे. नुसतं एकत्र बसवून उपयोग नाही. काहीतरी ओढायला द्या.

घरी बोलवायचं तर एका वेळी एकच मूल बोलवावं. तिघं असले की दोघांचं जमतं आणि तिसरा स्वयंपाकघरात येऊन "काकू, मी घरी जाऊ?" विचारतो; आणि एकटा पडलेला आपलाच निघाला तर दिवस फुकट. दीड-दोन तास पुष्कळ झाले, आणि निघायची वेळ त्या मुलाच्या आईला आधीच सांगून ठेवावी. रंगात आलेला खेळ अर्धा सोडून पाहुणा गेला तर तो परत येतो; भांडण होईपर्यंत थांबला तर येत नाही. कॅरम, पत्ते, जुन्या खोक्यांची घरं, भेळ करणं, काहीही चालतं. आईबाबांनी दुसऱ्या खोलीत असावं, कान उघडे ठेवून. घरी शिकवणाऱ्या पालकांना प्रत्येक गोष्टीचा धडा करायची खोड लागते. भेळेत किती कांदे याचं गुणोत्तर पाहुण्यासमोर काढू नये.

बाकीच्या मुलांचा वेळ कधी मोकळा असतो, हे तर पाठच असायला हवं. आपल्याकडे सकाळचे दहा मोकळे आहेत, पण तेव्हा मैदानावर आजोबा आणि कुत्री. शाळेतल्या मुलाला सहा ते साडेसात, शनिवारची दुपार आणि रविवार एवढंच मिळतं, त्यातही ट्यूशन. म्हणून आपला अभ्यास, वाचन, बाजारहाट सगळं सकाळीच आटपून संध्याकाळ एकदम रिकामी ठेवावी. कुठलाही क्लास साडेपाचनंतर लावू नये, तो कितीही नामांकित असला तरी. जून ते ऑक्टोबर आणि नोव्हेंबर ते एप्रिल या शाळांच्या सत्रांकडे लक्ष ठेवून आपली सहल, आपलं गावाला जाणं ठरवावं. मे महिना तर सोन्यासारखा. सगळ्यांना सुट्टी, सोसायटीत क्रिकेट, उन्हाळी शिबिरं. नेमकं तेव्हाच "गर्दी नको" म्हणून घरी बसणारी आणि जूनमध्ये शाळा भरल्यावर कोकणात जाणारी होमस्कूलिंगवाली कुटुंबं मी पाहिलीत. स्वस्तात खोली मिळते खरी.

वयाप्रमाणे मैत्रीचा अर्थ बदलतो, हेही ध्यानात ठेवायला हवं. हार्वर्डचे रॉबर्ट सेलमन यांनी मुलांशी बोलून त्याचे टप्पे मांडलेत. पाच-सहा वर्षांच्या मुलाचा मित्र म्हणजे आत्ता शेजारी खेळणारा. उद्या दुसरा असला तरी बिघडत नाही. सात-आठनंतर "मी तुला बॅट दिली, तू मला सायकल दे" असा देवघेवीचा व्यवहार सुरू होतो. मनातलं सांगावं, गुपित राखावं असा सखा हवासा वाटतो तो बहुधा दहाच्या पुढे. त्यामुळे पाच वर्षांच्या लेकीला जिवलग मैत्रीण नाही म्हणून रात्र रात्र जागणाऱ्या आईला धीर द्यावा. अकरा वर्षांच्या मुलाला एकही मित्र नसूनही "तो आपल्यातच रमतो" म्हणणाऱ्या बाबांना मात्र जागं करावं. घरी शिकणारी मुलं मोठ्यांशी छान बोलतात आणि धाकट्यांना छान सांभाळतात, हे खरंच दिसतं. बोस्टन कॉलेजचे पीटर ग्रे वेगवेगळ्या वयांच्या मुलांच्या एकत्र खेळण्याचे पुष्कळ फायदे सांगतात. तिथं लहान मोठ्यांकडून शिकतात, मोठे समजूतदार होतात आणि चुरस कमी असते. हे मान्य करूनही म्हणावंसं वाटतं, की बरोबरीच्यांची थट्टामस्करी सोसणं आणि परतवणं हे वेगळंच अंग आहे. काका-मावशींच्या कौतुकात ते तयार होत नाही.

शाळेतल्या त्रासामुळेच शाळा सुटली असेल, कुणी छळलं असेल, लिहिण्या-वाचण्यात अडचण असेल किंवा मूल स्वमग्न असेल, तर हे सगळं निम्म्या वेगानं करावं लागतं. आधी एकच मूल, ओळखीची जागा, हातात काहीतरी काम आणि संपायची वेळ ठरलेली. घोळक्याची घाई नको.

पालकांच्या वागण्याचाही मुलाला फटका बसतो, आणि हे कुणी तोंडावर सांगत नाही. सोसायटीच्या गेटपाशी उभं राहून शाळांची व्यवस्था कशी सडलेली आहे, यावर आपण व्याख्यान देतो, तेव्हा ऐकणारीच्या हातात तिच्या मुलाचं दप्तर असतं. तिनं काय ऐकायचं? तुमच्या मुलाचं तुम्ही वाटोळं करताय. ती दुसऱ्या दिवसापासून तिच्या पोराला आपल्याकडे पाठवायला का कू करते. मुलांचंही तेच. "मी नऊला उठतो, मला परीक्षाच नाही" हे वाक्य एकदा गंमत म्हणून खपतं. घटक चाचणीच्या आदल्या दिवशी ऐकवलं तर मार पडायचा. "कितवीत?"ला मुलानं स्वतःच, आईकडे न बघता, सरळ उत्तर द्यावं: "मी घरी शिकते, वयाने चौथीतली." बस. पुढे खेळायला सुरुवात.

घरी शिकवणाऱ्या कुटुंबांनी एकमेकांना शोधावंच. 'स्वशिक्षण' ही देशातल्या अशा पालकांची संघटना आहे. पुण्या-मुंबईत पालकांचे गट बागेत, टेकडीवर भेटत असतात. कायदा, परीक्षा, आजी-आजोबांची समजूत, या बाबतीत तिथला सल्ला मोलाचा. शिक्षणहक्क कायद्यात होमस्कूलिंगचा उल्लेख नाही आणि पालकांना शिक्षेची तरतूदही नाही, त्यामुळे जी अधांतरी अवस्था आहे ती या गटांनाच नीट समजते. आपल्यासारखी आणखी मुलं आहेत हे बघून मुलालाही हायसं वाटतं. मात्र महिन्यातून एकदा, तीस किलोमीटरवरून गाड्या काढून होणाऱ्या त्या सहली मुख्यतः आईबाबांच्या मैत्रीच्या असतात. मघाचा तासांचा हिशेब इथंही लावून बघा. अशा गटातली दोन-तीन घरं एकमेकांच्या जवळ असतील आणि आठवड्याला तीन सकाळी आळीपाळीनं एकेकाकडे मुलं जमत असतील, तर मात्र गोष्ट निराळी. शाळेतल्या मुलांना कधीच न मिळणाऱ्या सकाळच्या वेळात, टेकडीवर किंवा कुणाच्या गच्चीवर, ती मुलं जे करतात ते बघण्यासारखं असतं.

बारा-तेराव्या वर्षानंतर आवड हाच मैत्रीचा पाया होतो. मुंबईची मालविका जोशी सातवीनंतर शाळेतून बाहेर पडली, आंतरराष्ट्रीय इन्फॉर्मॅटिक्स ऑलिंपियाडमध्ये तिनं दोन रौप्य आणि एक कांस्य मिळवलं आणि २०१६मध्ये तिला एमआयटीत प्रवेश मिळाला. बारावीचं प्रमाणपत्र नसल्याने आयआयटीचं दार बंद होतं, याची चर्चा तेव्हा वर्तमानपत्रांत खूप झाली. मला त्यातली दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. ऑलिंपियाडच्या वाटेवर प्रशिक्षण शिबिरं असतात, आणि तिथं देशभरातून निवडलेली, त्याच कोड्यांनी झपाटलेली मुलं एकत्र राहतात. प्रत्येक मूल ऑलिंपियाडला जाणार नाही, जाऊही नये. पण ट्रेकिंगचा गट, पक्षी बघणाऱ्यांची रविवारची फेरी, नाटकाची संस्था, ढोल-ताशा पथकाचा सराव, यांत वयाला आणि इयत्तेला फारसं कुणी विचारत नाही. नाटक तर फारच उत्तम. प्रयोग जवळ आला की तालमी रोज होतात, लांबतात, आणि विंगेत वाट बघण्यात तासन्‌तास जातात. मुलींच्या बाबतीत इथं एक व्यवहार सांभाळावा लागतो. तालीम रात्री साडेनऊला सुटणार असेल आणि आणायला कुणी नसेल, तर तिचं जाणं मुकाट्याने बंद होतं. त्याच बाजूच्या दोन-तीन घरांनी आणण्या-पोचवण्याच्या पाळ्या लावल्या, तर मोटारीतली ती वीस मिनिटंही मैत्रिणींची होतात.

फोनवरच्या मित्रांचं काय? खेळात भेटलेला नाशिकचा मुलगा रोज रात्री बोलतो, ही मैत्री खोटी नाही. प्रत्यक्ष ओळखीला जोड म्हणून चांगलीच. तीच एकुलती एक असेल तर मात्र काळजी करावी. तो मुलगा खरोखर मुलगाच आहे ना, हेही बघून घ्यावं.

दहावीच्या सुमाराला एनआयओएसचं (राष्ट्रीय मुक्त शाळेचं) अभ्यासकेंद्र किंवा राज्य मंडळाचा, बाहेरून परीक्षेला बसण्याचा सतरा नंबरचा फॉर्म यातून पुन्हा समवयस्क दिसू लागतात, आणि अकरावीला कॉलेजात गेलं की हा सगळा विषयच बदलतो.

त्याआधीच एखाद्या जूनमध्ये मूल म्हणालं, "मला शाळेत जायचंय, सगळे जातात," तर? बरेच पालक ते मनाला लावून घेतात. खरं तर मैत्रीच्या शोधात शाळा हाही एक रस्ताच आहे, आणि कायद्यानं तो उघडा ठेवलेला आहे. शिक्षणहक्क कायद्याच्या कलम ४ नुसार सहा वर्षांवरच्या, शाळेबाहेर असलेल्या मुलाला त्याच्या वयाला साजेशा वर्गात प्रवेश मिळतो आणि मागे पडलं असेल तर विशेष प्रशिक्षणाची सोय आहे. वयाचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. सत्र सुरू झाल्यावर आलेल्या मुलालाही परत पाठवता येत नाही. शाळा निवडताना निकाल आणि इमारत बाजूला ठेवून, मैदानावरचे दोन-तीन जण ज्या शाळेत जातात ती आधी बघावी, आणि त्यांच्याच तुकडीत बसवण्याची विनंती मुख्याध्यापकांना प्रवेशाच्या वेळीच करून ठेवावी. एकदा हजेरीपटावर नाव चढलं की तुकडी बदलून मिळणं अवघड जातं.